रिसेल फ्लॅटसाठी वकील हवा असेल तर ह्या मॅडमकडे जा, पण टोकन (बयाणा) द्यायच्या आधी (५ पैकी ४ स्टार)

२०२५ मधे आम्ही कोथरूडला रिसेलचा फ्लॅट घेतला, त्याचं टायटल सर्च (मालकी कोणाची ते जुन्या नोंदीत तपासणं), साठेखत (विक्रीचा आधीचा करार), खरेदीखत (विक्रीचा शेवटचा दस्त), रजिस्ट्रेशन सगळं ह्या ऑफिसकडून करून घेतलं म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आधी थोडक्यात सांगते, काम एकदम पक्कं, समजावून सांगणं तर फारच छान, फोन उचलायच्या बाबतीत मात्र ऑफिस कच्चं आहे आणि ज्युनियरने केलेला ड्राफ्ट डोळ्यात तेल घालून वाचावा लागतो. एक स्टार त्याचा कापलाय. पण जे चार दिलेत ते मनापासून दिलेत, कारण ह्या बाईंनी आम्हाला एका खूप मोठ्या भानगडीतून आधीच बाहेर ठेवलं.

झालं असं की फ्लॅट आवडला, ७८ लाखाला व्यवहार ठरला, मालक म्हणून जे काका भेटले ते नाशिकचे, वय साठीच्या पुढे, अतिशय सज्जन माणूस. फ्लॅट त्यांच्या वडिलांनी १९९४ मधे घेतलेला, वडील आई दोघंही गेलेले, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आता काकांचं नाव, मेंटेनन्सची पावती त्यांच्या नावाने, लाईट बिल त्यांच्या नावाने. एजंट म्हणाला आता अजून काय बघायचंय, पाच लाख टोकन द्या आणि ३१ मार्चच्या आत रजिस्टर करून टाका, १ एप्रिलपासून रेडी रेकनर (स्टॅम्प ड्युटीसाठी सरकार धरतं तो दर) वाढणार आहे. माझ्या नणंदेने ह्या मॅडमचं नाव सांगितलं म्हणून टोकनच्या आधी फक्त कागद दाखवायला गेलो.

मॅडमनी फाईल उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, वडिलांना मुलं किती? आम्ही म्हटलं तीन, हे काका, एक बहीण सांगलीला आणि धाकटा भाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला. मग काकांच्या नावावर कसं झालं? नॉमिनी होते म्हणून. झालं, तिथेच त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, टोकन देऊ नका.

नॉमिनी म्हणजे मालक नाही, ही गोष्ट मी आधी ऐकलेली होती पण तिचा अर्थ काय होतो हे तेव्हा कळलं. सोसायटी मेंबर वारल्यावर पत्रव्यवहार कोणाशी करायचा, मेंटेनन्स कोणाकडून घ्यायचा ह्यासाठी सोसायटीला एक माणूस लागतो, तो नॉमिनी. सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला जी दुरुस्ती झाली त्यात तर सरळच आहे की वारसांचं ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. मालकी जाते वारसांकडे. मृत्युपत्र नसेल आणि वडिलांची स्वतःच्या कमाईची मालमत्ता असेल, आणि आई पण हयात नसेल, तर मुलं मुली सगळे समान वाटेकरी. म्हणजे सज्जन काकांकडे विकायला होता फक्त एक तृतीयांश फ्लॅट, बाकीचे दोन हिस्से त्यांचे नव्हतेच.

एजंटने लगेच ठेवणीतलं उत्तर काढलं, बहिणीचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, तिचा कसला हक्क. हा गैरसमज किती घट्ट बसलाय आपल्याकडे! मॅडमनी शांतपणे सांगितलं की स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस आहे ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच, लग्नाचा त्याच्याशी संबंधच नाही. लोक जी २००५ ची दुरुस्ती सांगतात ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी, आणि महाराष्ट्राने तर तशी दुरुस्ती १९९४ लाच केली होती, फक्त तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळलेल्या होत्या. मग २०२० मधे विनीता शर्मा केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की २००५ ला वडील हयात होते की नव्हते हा प्रश्नच विचारायचा नाही. आमच्या केसला हे वडिलोपार्जित मालमत्तेचं लागू पण नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं, कारण एजंट परत दुसऱ्या कोणाला तेच ऐकवणार.

काका म्हणाले ताई म्हणते मला काही नको, फोन लावून देऊ का. मॅडम म्हणाल्या त्यांचं मन मोठं आहे ह्यात शंका नाही, पण फोनवर सोडलेला हक्क सुटत नाही, एक तर रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र पाहिजे नाहीतर त्या स्वतः विकणाऱ्या म्हणून सही करू देत. आणि मग काकांना बाजूला न घेता आमच्यासमोरच म्हणाल्या की काका, तिन्ही भावंडं सही करा, पैसे तिघांच्या खात्यात जाऊ देत, नंतर ताईंना द्यायचे असतील तर त्या तुम्हाला देतील. मला हे फार आवडलं. आमची वकील असून समोरच्या घरातल्या बाईचा हिस्सा कोणी गृहीत धरू नये ह्याची काळजी घेतली. ताईंनी शेवटी आपला हिस्सा घेतला, आणि काका पण त्यावर काही बोलले नाहीत.

आता अमेरिकेचा भाऊ. इथे खरी अक्कल लागते आणि इथेच बहुतेक व्यवहार घाईत बिघडत असतील असं मला वाटतं. तो येऊ शकत नव्हता म्हणून मोठ्या भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून पाठवणार होता. मॅडमनी त्याला व्हॉट्सअॅप कॉलवर नीट सांगितलं की साधं सही करून स्कॅन पाठवलेलं चालणार नाही, ते तिथे नोटरी आणि अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) करा किंवा भारतीय वकिलातीत जाऊन साक्षांकित करा, मूळ कागद इथे आला की तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राची स्टॅम्प ड्युटी भरायची, आणि त्यात फक्त हाच फ्लॅट, त्याचं पूर्ण वर्णन, विकायचा अधिकार आणि रजिस्ट्रारसमोर हजर राहायचा अधिकार स्पष्ट लिहायचा. सख्ख्या भावाला मोबदला न घेता दिलेलं असेल तर ड्युटी किरकोळ, पण कुणा परक्याला विक्रीचे अधिकार दिले तर थेट खरेदीइतकी ड्युटी लागते. बऱ्याच लोकांना वाटतं पॉवर ऑफ अॅटर्नीवरच फ्लॅट घेऊन टाकला की झालं, तर ते नाही, सुरज लॅम्पच्या निकालात २०११ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पॉवर ऑफ अॅटर्नी, करारनामा आणि मृत्युपत्र असा गठ्ठा करून मालकी मिळत नाही, रजिस्टर खरेदीखतच लागतं.

आणि टीडीएस! हे तर आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, एजंटने नाही, बँकेनेही नाही. ५० लाख किंवा त्याच्या वरचा व्यवहार असेल तर विकत घेणाऱ्याने १ टक्का कापून सरकारला भरायचा, एवढं ऐकून होतो. पण प्रत्येकाचा हिस्सा २६ लाख, म्हणजे ५० च्या खाली, मग कापायचा का? मॅडमनी सांगितलं की १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम स्पष्ट केलाय, सगळ्या विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची मिळून रक्कम बघायची, त्यामुळे ७८ लाख धरायचे आणि कापायचाच. काका आणि ताईंचे प्रत्येकी २६ हजार, फॉर्म प्रत्येकाचा वेगळा. धाकट्या भावाला मात्र हा १ टक्क्याचा नियम लागूच नाही कारण तो एनआरआय. त्याच्या बाबतीत मला टॅन नंबर (टॅक्स कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागला आणि दर सरळ १२.५ टक्के अधिक सेस (टॅक्सवरचा जादा कर), म्हणजे त्याच्या पूर्ण २६ लाखावर धरलं तर ३ लाख ३८ हजार! ते टाळायचं तर त्याने इन्कम टॅक्सकडून कमी दराने कापायचं सर्टिफिकेट आधी आणायचं. त्याने ते आणलं, त्यात वेळ गेला, पण कापलं न गेलेलं असतं तर सगळी वसुली आणि व्याज माझ्या मागे लागलं असतं, विकणाऱ्याच्या नाही. टीडीएसचं काम मॅडमनी स्वतः केलं नाही, शेजारच्या सीएकडे पाठवलं, त्याची फी वेगळी. पण कुठल्या क्रमाने काय करायचं हे त्यांनीच कागदावर लिहून दिलं.

३१ मार्चच्या घाईचं काय झालं ते पण सांगते. मॅडमनी मोबाईलवर त्या भागाचा रेडी रेकनरचा दर काढला, गुणून दाखवलं, आमची ७८ लाखाची किंमत त्याच्या बरीच वर होती. स्टॅम्प ड्युटी लागते ती कराराची किंमत आणि सरकारी मूल्य ह्यातलं जे जास्त असेल त्यावर. म्हणजे १ एप्रिलला दर थोडा वाढला तरी आम्हाला एक रुपया फरक पडणार नव्हता. एवढी साधी गोष्ट, पण ती सांगणारा माणूस समोर नसेल तर आपण घाबरून पाच लाख देऊन मोकळे होतो. वर हेही सांगितलं की ज्यांना खरंच फरक पडतो त्यांनी ड्युटी भरून सह्या करून ठेवल्या तर रजिस्ट्रेशनला सहीच्या तारखेपासून चार महिने असतात.

फ्लॅट कोणाच्या नावाने घ्यायचा हा प्रश्न पण तिथेच सुटला. पुण्यात ड्युटी, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आणि मेट्रो सेस धरून ७ टक्के, खरेदीदार फक्त बाई असेल तर ६. आमच्या रकमेवर फरक ७८ हजाराचा. पण खरेदीखतात नवऱ्याचं नाव पण घातलं की सवलत गेली. बँकेच्या लोनमधे तो को-अॅप्लिकंट राहू शकतो, मालक असलाच पाहिजे असं नाही. आधी ह्या सवलतीला अट होती की बाईने पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ती २०२३ मधे काढली. रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, ती दोघांनाही सारखीच. मी विचारलं मग नवऱ्याला नॉमिनी करून टाकते, तर मॅडम म्हणाल्या आत्ताच तर नॉमिनीचं एवढं बघितलंत, मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर केलंच पाहिजे असंही नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच.

सर्च रिपोर्ट ३० वर्षांचा दिला. २००२ च्या आसपास पुढचं कॉम्प्युटरवर मिळतं, सरकारच्या ई-सर्चवर इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्ताचा सारांश) आपण घरबसल्या बघू शकतो आणि प्रत्येकाने बघावाच, पण आमचा मूळ करार १९९४ चा, त्यासाठी माणूस पाठवून जुनी रजिस्टरं बघून घेतली. जिथे पानं फाटलेली होती तिथे रिपोर्टमधे तसं लिहिलंय, लपवलं नाही. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला पेन्सिलने कधीतरी बँकेच्या बोज्याची नोंद केलेली होती, ती मॅडमच्या नजरेने टिपली, आम्ही तर पाठीमागे बघितलंही नव्हतं. वडिलांनी कर्ज काढलं होतं. आता २०१३ पासून कागद गहाण ठेवून कर्ज घेतलं की ३० दिवसात त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन रजिस्ट्रारकडे द्यावी लागते म्हणून ती इंडेक्सला दिसते, पण त्याआधी नुसते मूळ कागद बँकेकडे ठेवले की झालं, रेकॉर्डला काहीच नाही. मग काकांनी घरातली जुनी ट्रंक शोधून कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणलं तेव्हाच पुढे सरकलो. पेपरला जाहीर नोटीस दिली, हरकत कोणाची आली नाही, तिघांचं वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र आणि आईवडिलांचे मृत्यूचे दाखले जोडले, कोर्टात तिघांच्या नावावर काही दावा चालू आहे का ते ई-कोर्ट्सवर बघितलं.

लोक विचारतात की बँक लोन देतेय म्हणजे टायटल क्लिअरच असणार ना? बँकेचा वकील बँकेसाठी बघतो आणि तो रिपोर्ट बऱ्याचदा आपल्या हातात पण येत नाही. शिवाय तोपर्यंत टोकन गेलेलं असतं.

सोसायटीचा अनुभव कडू होता. ट्रान्सफरसाठी लाखभर रुपये डोनेशन मागितलं, बिल्डिंग फंड म्हणे. मॅडमनी एक पत्र ड्राफ्ट करून दिलं, महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार आहे, २००१ चा शासनाचा आदेश आहे, डोनेशनच्या नावाखाली जास्त घेता येत नाही. पत्रात एकही कडक शब्द नव्हता. २५ हजारावर काम झालं. एनओसी (ना हरकत पत्र) पण आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) विक्रीला लागत नाही, बँकेला मात्र हवी असते म्हणून घेतली. आणि जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे, सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही हे त्यांनी प्रॉपर्टी कार्ड बघून सांगितलं. त्यासाठी व्यवहार सोडू नका म्हणाल्या, पण मेंबर झाल्यावर मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डरने सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी) मागे लागा, नाहीतर रीडेव्हलपमेंटच्या वेळी अडकाल. ते काम आता मी सोसायटीत चालू केलंय.

आता तक्रार. ज्युनियरने पाठवलेल्या ड्राफ्टमधे कार्पेटच्या (आतल्या वापरायच्या क्षेत्राच्या) जागी बिल्टअपचा (भिंतींसकट क्षेत्राचा) आकडा होता आणि ताईंच्या माहेरच्या आणि सासरच्या नावाची सरमिसळ झालेली. मी वाचलं म्हणून सापडलं. हे रजिस्टर झालं असतं तर चूक दुरुस्ती पत्र करायला परत सगळ्यांच्या सह्या, परत अमेरिकेच्या कागदाचा घोळ. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी स्वतः बसून पूर्ण ड्राफ्ट परत तपासला, पण एवढ्या जाणकार ऑफिसमधून असा कागद बाहेर पडायलाच नको. दुसरं म्हणजे फोन. दुपारी कोर्टात असतात हे समजू शकतं, पण ऑफिसच्या नंबरवर तरी कोणी उचलायला पाहिजे. लोन मंजुरीची मुदत संपत आलेली असताना दोन दिवस उत्तर न मिळणं म्हणजे जीव टांगणीला लागतो. बसायची जागा लहान आहे, सासूबाईंना घेऊन गेले तर त्यांना उभं राहावं लागलं.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी मात्र सगळं सुरळीत. डेटा एन्ट्री, चलन, रजिस्ट्रार ऑफिसचं नंबराचं टोकन आधीच झालेलं, हवेली तालुक्याच्या कुठल्याही रजिस्ट्रार ऑफिसात करता येतं म्हणून गर्दी कमी असलेलं निवडलं. भाऊ हयात आहे आणि कुलमुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही ह्याचं काकांचं घोषणापत्र, ओळखीसाठी दोन माणसं, फोटो, अंगठा, सह्या. साठेखतावरच पूर्ण ड्युटी भरलेली असल्यामुळे लोनचे पैसे आल्यावर जे खरेदीखत झालं त्याला नाममात्र स्टॅम्प लागला. थोडे पैसे कॅशमधे द्यायची कल्पना एजंटने इथेही काढलीच होती, पण प्रॉपर्टीत २० हजार किंवा त्यापुढे कॅश घ्यायला २०१५ पासून बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा, हे ऐकल्यावर काकांनीच नको म्हटलं.

अजून एक. माझ्या दिराला मुळशीकडे शेतजमिनीचा तुकडा घ्यायचाय, ते पण विचारलं. मॅडम म्हणाल्या शेतकरी दाखला नसेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येणार नाही, सातबारा ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही, फेरफार (सातबारावरच्या बदलांच्या नोंदी) मागेपर्यंत वाचा, भोगवटादार वर्ग २ (विकायला सरकारची परवानगी लागणारी जमीन) आहे का बघा, तुकडेबंदीत (ठराविक मापापेक्षा लहान तुकडे विकायच्या बंदीत) बसतं का बघा. आणि मग म्हणाल्या मी फ्लॅटची कामं करते, जमिनीची नाही, दुसऱ्यांचं नाव देते. फी मिळत असताना नाही म्हणणारा वकील मला तरी पहिल्यांदाच भेटला.

फी सर्च, साठेखत, खरेदीखत मिळून २५ हजार, पहिल्याच भेटीत लिहून दिली आणि शेवटपर्यंत तेवढीच राहिली. जाहीर नोटीस, सरकारी चलनं आणि सीएची फी वेगळी, प्रत्येकाची पावती मिळाली. संध्याकाळी सहानंतर गेलात तर मॅडम स्वतः भेटतात. जाताना मालकाकडून मूळ करार, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू, टॅक्स पावती, भोगवटा पत्र (बिल्डिंग वापरायला महापालिकेने दिलेला दाखला) आणि आधीचा मालक वारलेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या मुलामुलींची नावं पत्ते एवढं घेऊन जा, पहिल्या बैठकीतच पुढे जायचं की नाही ते कळतं.